नंबर सेव्ह आहे का?

(नाशिकमध्ये झालेल्या युवा कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

 

मला दिलेला विषय कागदावर असा लिहिलाय : 'सामाजिक संस्थांच्या कामासाठी समाजमाध्यमांचा व डिजिटल साधनांचा वापर'. घरी हा कागद धाकट्या भावाच्या हाती लागला. तो म्हणाला, "आपा, तू काय रील बनवायला शिकवणार?" त्याला जे सांगितलं तेच तुम्हाला आधी सांगून टाकते. मला रील बनवता येत नाही. दिवसभर मी एका सीएच्या ऑफिसात नोकरी करते आणि संध्याकाळी सहानंतर वडाळा गावातल्या आमच्या अभ्यासिकेत बसते. दोन खोल्या आहेत. एका खोलीत दहावी-बारावीची आणि स्पर्धा परीक्षेची मुलंमुली बसतात. दुसऱ्या खोलीत एक टेबल, एक जुना संगणक आणि एक प्रिंटर. तिथे आम्ही लोकांचे फॉर्म भरून देतो. शिष्यवृत्ती, दाखले, आधारमधल्या दुरुस्त्या, जे येईल ते.

त्यामुळे मी आज जे बोलणार आहे ते या टेबलावर बसून शिकलेलं आहे. बरंचसं चुकून शिकलेलं आहे. पहिली चूक सांगते, कारण ती माझी स्वतःची आहे.

एका जुलैत आमच्या ग्रुपवर एक पोस्टर आलं. 'अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती, पहिलीपासून, त्वरा करा.' खाली कागदपत्रांची यादी. डिझाइन चांगलं होतं, हिरवा-निळा रंग, कोपऱ्यात सरकारी वाटावं असं चिन्ह. मी ते चार ग्रुपवर टाकलं, स्टेटसला ठेवलं. दोनशेच्या वर लोकांनी पाहिलं. मी खूश. तिसऱ्या दिवशी एक बाई आल्या. पाचवीतल्या मुलीचे सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घालून आणले होते. मुलीच्या नावाचं बँक खातं उघडलं होतं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात दोन खेपा झाल्या होत्या. धुणीभांडी करतात त्या. दोन दिवसांचे खाडे पडले होते.

मी संकेतस्थळ उघडलं आणि मला घाम फुटला. केंद्राची ती प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती २०२२ मध्येच पहिली ते आठवीसाठी बंद केलेली होती, फक्त नववी-दहावी ठेवली होती. ते पोस्टर त्याच्या आधीच्या कुठल्या तरी वर्षाचं होतं. त्यावर तारीख नव्हती. आणि मी पाहिलीही नव्हती.

त्या बाई काही बोलल्या नाहीत. "ठीक है बेटा" म्हणाल्या आणि पिशवी उचलून गेल्या. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दोनशे लोकांनी पाहिलं, याचा अर्थ काय झाला मग? आपल्या अहवालात आपण लिहितो, इतक्या लोकांपर्यंत पोहोचलो. मी ज्या एका माणसापर्यंत खरोखर पोहोचले, तिचं मी नुकसान केलं होतं. त्या दिवसापासून आमच्याकडे एक नियम आहे. कुठलीही माहिती पुढे पाठवायची असेल तर ती आपल्या शब्दांत पुन्हा लिहायची. वर आजची तारीख, खाली शेवटची तारीख, मूळ संकेतस्थळाचं नाव आणि ज्याने तपासलं त्याचं नाव. दुसऱ्याचं पोस्टर जसंच्या तसं पुढे ढकलायचं नाही. नियम पाळायला कंटाळा येतो. मेसेज कमी जातात. जाऊ देत.

आता थोडं मागे जाऊ या, आपल्याच भागात. १ जुलै २०१८, रविवार. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. आठवडे बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज त्या दिवसांत फोनवर फिरत होते. कोणीतरी यांच्याकडे बोट दाखवलं. जमावाने त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे पाचही जणांना ठार केलं.

त्या काळात फिरणाऱ्या व्हिडिओंची नंतर पडताळणी झाली. एकात ओळीने ठेवलेल्या मृत मुलांची छायाचित्रं होती. ती सीरियातल्या गौतामधली निघाली, २०१३ च्या रासायनिक हल्ल्यानंतरची. दुसऱ्यात मोटारसायकलवरून मूल उचलून नेताना दिसत होतं. ती कराचीत बनवलेली मुलांच्या सुरक्षेची जाहिरात होती. जाहिरातीच्या शेवटी ते लोक मूल परत आणून देतात आणि फलक दाखवतात. तेवढाच शेवट कापलेला होता.

त्याच रात्री आपल्या नाशिक जिल्ह्यात, मालेगावात, जवळजवळ तेच घडायला निघालं होतं. तिथेही भिक्षा मागणारे पाच जण होते, त्यात एक लहान मूल. तिथेही तोच संशय आणि हजारावर लोकांचा जमाव. पण मालेगावात एका रहिवाशाने त्यांना आसरा दिला. काही स्थानिक लोक पोलिसांबरोबर उभे राहिले. दगडफेक झाली, पोलिसांच्या गाडीची मोडतोड झाली, पण ती पाच माणसं जिवंत बाहेर निघाली.

मालेगावचं नाव घेतलं की बाहेरच्या लोकांच्या डोक्यात काय काय येतं, ते आपल्याला ठाऊक आहे. ही रात्र कोणाच्या डोक्यात येत नाही. आपणही ती फारशी सांगत नाही. असो.

मला त्या रात्रीतली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. दोन्ही ठिकाणी फोन तेच होते आणि अफवा तीच होती. मालेगावातही अफवा खोटी ठरवणारा मेसेज वेळेवर सगळ्यांच्या फोनवर आला आणि जमाव शांत झाला, असं झालं नाही. तिथे दार उघडणारा एक माणूस होता, आणि त्याच्या गल्लीत त्याला ओळखणारी माणसं होती.

व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. २०२० च्या एप्रिलमध्ये, जो मेसेज अनेक हात फिरून आलाय तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. त्यामुळे दोन बाण दिसले की थांबायचं, हे तुम्हाला माहीत असेलच. पण माझ्या त्या पोस्टरवरही दोन बाण होते, मित्रांनो. चांगल्या कामाचं पोस्टर आहे म्हटल्यावर मी ते पाहिलेच नाहीत.

आता व्हॉट्सॲपच्या एका साध्या सोयीबद्दल बोलते. ब्रॉडकास्ट लिस्ट. एकच मेसेज २५६ लोकांपर्यंत पाठवता येतो आणि प्रत्येकाला तो वैयक्तिक आल्यासारखा येतो. आम्हाला ही सोय कळली तेव्हा वाटलं, झालं, प्रश्न सुटला. फॉर्म भरायला आलेल्यांचे नंबर वहीत होते. ते सगळे यादीत घातले आणि मेसेज पाठवला. थोड्याच लोकांना पोहोचला. बाकीच्यांच्या नावापुढे एकच टिक. आम्हाला वाटलं नेट गेलंय.

कारण असं आहे की ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यालाच मिळतो, ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे. तुम्ही त्याचा केलेला असून उपयोग नाही, त्याने तुमचा केलेला हवा.

मला वाटतं, संस्थेच्या कामाबद्दल इतकं खरं बोलणारी दुसरी कुठलीही तांत्रिक अट नसेल. मोहल्ल्यातल्या किती घरांत, किती फोनमध्ये आपला नंबर नावानिशी सेव्ह आहे? 'अभ्यासिकावाली बाजी' असं का असेना. वर्षाच्या अहवालात मला हा आकडा बघायला आवडेल. फॉलोअर किती हे नंतर सांगा.

मग आम्ही काय केलं? टेबलाशी येणाऱ्या प्रत्येकाला काम झाल्यावर म्हणायला लागलो, "फोन काढा, नंबर सेव्ह करा, आणि सलाम म्हणून एक मेसेज टाका." समोरच करून घेतो. अर्धा मिनिट लागतो. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्या फोनमध्ये आम्हीच करून देतो आणि नावापुढे पुस्तकाचं चिन्ह घालतो, म्हणजे त्यांना चिन्हावरून ओळखता येतं. हळूहळू यादी भरली. आता मेसेज गेला की दुसऱ्या दिवशी माणसं येतात.

त्याच ओघात दुसरी गोष्ट कळली. लिहिलेल्या मेसेजपेक्षा आवाज जास्त पोहोचतो. आमच्याकडे एक खाला आहेत, शिवणकाम करतात, अर्धा मोहल्ला त्यांच्याकडून कपडे शिवून घेतो. त्यांना आम्ही माहिती समजावून सांगतो आणि त्या त्यांच्या बोलीत चाळीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज बोलतात. "सुनो गे, दसवी के बच्चों का फारम आया..." अशी सुरुवात. मी तीच माहिती शुद्ध भाषेत बोलले तर कोणी शेवटपर्यंत ऐकत नाही. खालांचा मेसेज ऐकतात, कारण परवाच त्यांच्याकडे कुर्ता टाकलेला असतो. तारीख, ठिकाण आणि कागदांची नावं मात्र आवाजाबरोबर लिहूनही पाठवायची, नाहीतर लोक चुकीचा दिवस लक्षात ठेवतात.

ग्रुपबद्दल मात्र मी सावध आहे. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. आमच्या जुन्या ग्रुपमधून एका मुलीचा नंबर कोणीतरी उचलला आणि तिला रात्री-अपरात्री मेसेज यायला लागले. तिने आम्हाला सांगितलं नाही, अभ्यासिकेत येणंच बंद केलं. दोन महिन्यांनी तिच्या मैत्रिणीकडून कळलं. आपण 'मुलींनी पुढे यावं' म्हणून भाषणं देतो आणि तिचा नंबर शंभर अनोळखी लोकांच्या हातात देतो. त्यानंतर आम्ही मोठे ग्रुप बंद केले. माहिती द्यायची तर ब्रॉडकास्ट किंवा चॅनेल वापरायचं. चॅनेलवर एका फॉलोअरला दुसऱ्याचा नंबर दिसत नाही. चर्चा करायची तर अभ्यासिकेत या, चहा मिळेल.

फोटोंचंही तसंच. कार्यक्रम झाला की फोटो टाकायची घाई असते, देणगीदारांना दाखवायचं असतं. पण २०२१ च्या जुलैत आणि २०२२ च्या जानेवारीत काय झालं ते आठवा. बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या मुस्लिम बायकांचे फोटो त्यांच्याच खात्यांवरून उचलून 'लिलावा'चे ॲप बनवले गेले. तेव्हा माझ्या ओळखीतल्या कितीतरी मुलींनी आपली छायाचित्रं काढून टाकली, काहींनी खातीच बंद केली. मी त्यांना भित्र्या म्हणणार नाही. आणि 'फोटोच टाकू नका' असंही म्हणणार नाही, कारण मग भिंतीवर नुसते पुरुष उरतात. आम्ही विचारतो. कार्यक्रमाच्या आधी, एकेकीला, घोळक्यात नाही. हो म्हटलं तर टाकतो, नाही म्हटलं तर वहीवर लिहिणारे हात, पुस्तकं, पाठमोरी रांग. अठराच्या खालचं मूल असेल तर आई-वडिलांना विचारतो. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या खालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितलेली आहे. पण कायदा नसता तरी विचारायला काय जातं?

आणि फॉर्मसाठी आलेले आधार, बँक पासबुक यांचे फोटो कार्यकर्त्यांच्या खासगी फोनमध्ये राहतात, तेवढे आज घरी जाऊन आधी पुसा. आमच्याकडे काम झालं की त्या माणसासमोर फोटो डिलीट करतो. 'रिसायकल बिन'मधूनही.

आता भाषेबद्दल. इथे बसलेल्यांपैकी कितीजण मराठी शाळेत शिकले? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त. मीही मराठी शाळेतली. उर्दू मला वाचता येते, पण सावकाश, बोट ठेवून. तरी आपल्या संस्थांची पोस्टरं एकतर उर्दूत असतात नाहीतर इंग्रजीत, आणि खाली रोमनमध्ये हिंदी. उर्दू आपली आहे, ती राहू द्या. मालेगावात तर उर्दूशिवाय पान हलत नाही. पण माझा प्रश्न वेगळा आहे. आपल्याबद्दलच्या अफवा कुठल्या भाषेत फिरतात?

मोहसीन शेख आठवतो का? सोलापूरचा मुलगा, पुण्यात आयटी कंपनीत नोकरीला. २०१४ मध्ये फेसबुकवर शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रं आली. मोहसीनचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नव्हता. २ जूनच्या रात्री हडपसरमध्ये त्याला रस्त्यात गाठून मारलं. २०२३ च्या जानेवारीत न्यायालयाने आरोपींना पुराव्याअभावी सोडलं. त्याच वर्षी जूनमध्ये कोल्हापुरात काही पोरांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून दगडफेक आणि दुकानांची तोडफोड झाली. स्टेटस चोवीस तासांत जातं, फुटलेलं दुकान जात नाही.

अशा वेळी आपण काय करतो? आपल्याच ग्रुपवर, आपल्याच भाषेत, आपल्याच लोकांना समजावतो की हे खोटं आहे. त्यांना ते आधीच माहीत असतं. अफवा मराठीत शेजारच्या कॉलनीच्या ग्रुपवर फिरत असते. त्या ग्रुपवर आपण नसतो, आणि आपली बाजू मांडणारं कोणी असेल तर त्याच्याकडे मराठीत लिहिलेलं काहीच नसतं.

आमच्यावर ही वेळ आली होती. लहानशीच गोष्ट आहे. जवळच्या एका कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज आला की वडाळ्यात अभ्यासिकेच्या नावाखाली बाहेरगावची मुलं आणून ठेवतात, रात्री दिवे चालू असतात. दिवे चालू असतात हे खरं होतं. परीक्षेचे दिवस होते. त्या ग्रुपमध्ये एक निवृत्त शिक्षिका होत्या, माझ्या मोठ्या बहिणीला शिकवलेल्या. एकदा घरातली जुनी पुस्तकं द्यायला आल्या तेव्हा आमचा नंबर त्यांनी सेव्ह केला होता. रात्री साडेनऊला त्यांचा फोन.

"अगं, आमच्या ग्रुपवर काय आलंय ते बघितलंस का? कोण मुलं आहेत तुमच्याकडे?"

"इथलीच आहेत बाई. दहावीची, बारावीची. दोघं पोलीस भरतीची."

"मग मी येऊ का आत्ता?"

"या ना."

त्या मिस्टरांच्या स्कूटरवर बसून आल्या. मुलांच्या शेजारी बसल्या, एकाच्या वहीत बीजगणितातली चूक काढली आणि स्वतःच्या फोनवर स्वतःचा फोटो काढला, मागे मुलं. ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की मी आत्ता इथे बसले आहे, ज्यांना शंका असेल त्यांनी यावं, गणित शिकवायला माणूस कमी आहे. त्या ग्रुपवर पुन्हा तो विषय निघाला नाही. आता गुरुवारी बाई गणित घेतात.

आम्ही कितीही सुंदर खुलासा लिहिला असता तरी तो त्या ग्रुपवर पोहोचला नसता. बाईंच्या फोनमध्ये आमचा नंबर होता म्हणून त्यांनी आधी आम्हाला फोन केला. तेव्हापासून आम्ही महिन्यातून एकदा मराठीत, देवनागरीत, दहा ओळींचं पत्र पाठवतो. काय केलं, किती मुलं आली, काय हवं आहे. ते मुद्दाम मोहल्ल्याबाहेर जातं. शाळांचे मुख्याध्यापक, तलाठी, आशाताई, रद्दीवाले काका, बाजूचं मेडिकल. त्यात धर्माचं काही नसतं, आणि रडगाणंही नसतं.

कायद्याचं एक वाक्य सांगून पुढे जाते. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकच्या एका पोस्टवरून अटक झाली होती. एकीने लिहिलं होतं, दुसरीने लाइक केलं होतं. ज्या ६६-अ कलमाखाली असे गुन्हे दाखल व्हायचे ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. पण तेढ आणि धार्मिक भावना दुखावण्याची कलमं भारतीय न्याय संहितेत आहेत. संस्थेच्या खात्यावरून रागाच्या भरात कोणी काही टाकू नये म्हणून आमच्याकडे पासवर्ड दोघींकडे आहे आणि वादाच्या विषयावर दोघींनी वाचल्याशिवाय काही जात नाही. राग आला तर अभ्यासिकेत येऊन बोला. आम्हीही रागावतो.

पैशांकडे येते. हे माझ्या नोकरीचं क्षेत्र, त्यामुळे इथे मी जरा कडक आहे.

रमजान आला की क्यूआर कोड फिरायला लागतात. किती कोड एखाद्या कार्यकर्त्याच्या स्वतःच्या खात्याचे असतात! हेतू चांगला असतो, नोंदणी झालेली नसते, 'तोवर माझ्यावर घ्या' म्हणतात. नका करू. उद्या त्या पोराला नोटीस आली किंवा कोणी 'पैसे खाल्ले' म्हटलं तर दाखवायला त्याच्याकडे काही नसतं. महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होते. वेळ लागतो, पण होते. मग संस्थेच्या नावाचं खातं आणि त्याच खात्याचा क्यूआर. कोड स्कॅन केल्यावर समोरच्याला संस्थेचं नाव दिसलं पाहिजे, तुमच्या चुलतभावाचं नाही.

८०-जीबद्दल लोक विचारतात. दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम ऑनलाइनच घ्या. आणि संस्था फक्त एकाच धर्माच्या लोकांसाठी आहे असं तुमच्या घटनेत लिहिलेलं असेल तर ८०-जी मिळायला अडचण येते. आमच्या घटनेत 'सर्वांसाठी' लिहिलं होतं. कायद्यासाठी नव्हतं लिहिलं, पण उपयोगी पडलं.

आखातातल्या नातेवाइकांबद्दल. तिथे नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर ते परदेशी अंशदान धरत नाहीत. पण ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंय, त्याचा एक रुपयाही एफसीआरएच्या परवानगीशिवाय घ्यायचा नाही. मामू असला तरी नाही. क्यूआर कोड इंटरनेटवर उघडा टाकला की तो कुठेही जातो, म्हणून आम्ही त्याच्याखालीच हे लिहून ठेवलं आहे.

आणि जकातीचे पैसे वेगळे ठेवा. देणाऱ्याने जकात म्हणून दिलंय की साधी देणगी म्हणून, हे विचारायला एक साधा ऑनलाइन फॉर्म पुरतो. जकातीच्या पैशांतून प्रिंटरची शाई आणली की नाही, हा प्रश्न आज ना उद्या कोणीतरी विचारणारच, आणि त्याला विचारायचा हक्क आहे. आम्ही दर महिन्याचा जमाखर्च एका पानावर लिहून त्याचा फोटो पाठवतो. ज्या महिन्यात पहिल्यांदा पाठवला, त्या महिन्यात एका रिक्षावाल्या भाईंनी शंभर रुपये दिले आणि म्हणाले, "मेरा नाम भी आएगा ना उस कागज पे?"

शेवटी साधनांचं. 'आमच्याकडे कॅमेरा नाही, लॅपटॉप नाही' असं जे म्हणतात त्यांनी मालेगावच्या शेख नासिर यांचं काम पाहावं. व्हिडिओ पार्लर चालवणारा माणूस. २००० साली 'मालेगाव के शोले' बनवला, मोहल्ल्यातल्या लोकांना घेऊन. फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट त्यांच्यावरच आहे. त्यात सायकलची ट्रॉली केलेली आणि बैलगाडीची क्रेन केलेली दिसते. मालेगावातले लोक ते सिनेमे बघायला का गर्दी करायचे? कारण पडद्यावर त्यांची गल्ली होती, त्यांचा दोस्त होता. तुमच्या फोनचा कॅमेरा नासिर यांच्या तेव्हाच्या कॅमेऱ्यापेक्षा चांगला आहे. माझ्या भावाला आता मी हेच काम दिलंय. रील त्याने बनवायची, पण त्यात आमच्या शिवणवाल्या खाला बोलतील आणि खाली मराठीत अक्षरं येतील.

त्या पाचवीतल्या मुलीच्या आईबद्दल सांगायचं राहिलं. मी त्यांच्या घरी गेले होते, पुढच्या शुक्रवारी. माफी मागितली. त्या म्हणाल्या, दाखला तर झाला ना, कुठे ना कुठे लागेल. मुलगी नववीत गेली की तिचा फॉर्म भरायचा आहे.  योजनेत काय चालू, काय बंद, ते मी आधी संकेतस्थळावर पाहीन आणि मगच त्यांना बोलावीन.

चहा आलाय वाटतं. चहानंतर प्रत्येकाने फोन घेऊन पुन्हा इथेच बसायचं आहे. आधी नकाशावर आपापल्या संस्थेचं ठिकाण बरोबर दाखवतोय का ते बघू. आमचं वर्षभर एका पंक्चरच्या दुकानावर दाखवत होतं, आणि ते भाई रोज दोन-तीन मुलांना हाताला धरून आणून सोडायचे. त्यांचा नंबरही माझ्याकडे सेव्ह आहे.